इंग्रजी हवी, ती ग्रंथ उघडण्यासाठी

कारखान्यातील बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत असे एखादे वाक्य असते : ‘द व्हॉल्व्ह शॅल नॉट बी ओपन्ड अनलेस द प्रेशर हॅज फॉलन बिलो टू बार.’ पदविका घेऊन नुकताच कामावर रुजू झालेला तरुण ते वाचतो. व्हॉल्व्ह त्याला ठाऊक आहे, प्रेशर ठाऊक आहे आणि बार हे दाबाचे एकक आहे, हे तर त्याने परीक्षेसाठी पाठच केलेले आहे. वाक्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द ओळखीचा, तरी वाक्य परकेच राहते. ‘नॉट’ आणि ‘अनलेस’ या दोन इवल्याशा शब्दांच्या खिंडीत अर्थ अडकून पडतो. दाब दोन बारच्या खाली उतरल्याशिवाय झडप उघडू नये, एवढेच तर सांगायचे आहे. मराठीत लिहिले असते तर शाळकरी मुलालाही ते एका क्षणात उमगले असते. इंग्रजीतील वाक्यापुढे मात्र हा पदविकाधारक थबकतो आणि शेजारी उभ्या असलेल्या जुन्या कामगाराच्या तोंडाकडे पाहतो. तो जाणता असला तर निभावले. नसला तर?

या तरुणाला मंदबुद्धी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी हा विषय घेतलेला आहे. महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० साली अमलात आला. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले २०१२ मध्ये बारावीतून बाहेर पडली आणि अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, कृषी अशा नाना शाखांकडे वळली. त्यानंतर त्यांच्यासारख्या कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या. निर्णयाच्या वेळी महाराष्ट्रात मोठा वाद झडला, पण तो मुख्यतः इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी याविषयीचा होता. ती कशासाठी शिकवायची, हा त्याहून अगोदरचा प्रश्न मागेच राहिला. आज पाव शतकानंतरही तो तेथेच उभा आहे आणि त्याची किंमत बॉयलरपाशी उभा असलेला तो तरुण मोजतो आहे.

संभाषणाचा सोस

महाविद्यालयात आल्यावर तरी हा प्रश्न विचारला जावा, अशी अपेक्षा असते. तेथे ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचा विषय वाट पाहत असतो. स्वतःची ओळख करून देणे, गटचर्चेत भाग घेणे, मुलाखतीला जाताना कसे बसावे, कसे हसावे, नोकरीचा अर्ज कसा लिहावा, हे सारे त्यात असते. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पडावे, तर तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी बोलायला शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्या लटकत असतात. इंग्रजी येते म्हणजे इंग्रजी बोलता येते, असे समीकरण समाजाच्या मनात इतके घट्ट बसले आहे की, तिचा दुसरा काही उपयोग असू शकतो याचे भानच सुटावे.

बोलण्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण या विद्यार्थ्याच्या दिनक्रमाकडे जरा बारकाईने पाहावे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतून देता येते आणि ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु परीक्षेचे दार मराठीतून उघडले तरी आतल्या दालनात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांचे इंग्रजी ठोकळे मांडलेले असतात. विधी शाखेच्या विद्यार्थ्यासमोर निकालपत्रे येतात. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या आणि उच्च न्यायालयांच्या कामकाजाची भाषा, संसद अन्यथा ठरवीत नाही तोवर, इंग्रजी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे मानके, यंत्रांच्या पुस्तिका आणि संदर्भग्रंथ येतात. दिवसभरात त्याला इंग्रजीतून बोलावे लागते ते किती? आणि वाचावे लागते ते किती? रुग्णाशी, अशिलाशी, शेतकऱ्याशी वा कामगाराशी बोलताना तो पुढेही मराठीच बोलणार आहे. इंग्रजीशी त्याची गाठ पडते ती प्रामुख्याने छापील पानावर, आणि नेमके ते पान कसे वाचावे हे त्याला कोणीही शिकविलेले नसते.

मग तो आपला मार्ग शोधतो. झेरॉक्सच्या दुकानातील टाचणे, गाईड, मागील पाच वर्षांचे प्रश्नसंच यांच्या आधाराने तो उत्तीर्ण होतो, कित्येकदा उत्तम गुणांनीही होतो. मूळ ग्रंथ मात्र न उघडताच राहतो. शिक्षण संपल्यावर गाईड संपते. विद्या मात्र थांबत नाही. औषधांविषयीच्या सूचना बदलतात, बांधकामाची मानके सुधारली जातात, कायदे नव्याने लिहिले जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा वर्षानुवर्षे वकिली केलेल्यांनाही कलमे पुन्हा वाचावी लागली. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी हे काही आठवड्यांचे काम होते. ज्याचे सारे ज्ञान टाचणांवर पोसलेले, त्याला नव्या टाचणांची वाट पाहत बसावे लागले.

ढाक्यातील अनुभव

इंग्रजी आधी वाचण्यासाठी शिकवावी, हा विचार नवा नाही आणि परका तर मुळीच नाही. त्याची एक महत्त्वाची मांडणी याच भूमीवर झाली. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणाधिकारी अविभक्त बंगालमध्ये ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजीची नेमकी गरज कशासाठी आहे, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९२६ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. बंगाली मुलाला स्वतःची समृद्ध भाषा आहे. घरी, बाजारात, मित्रमंडळींत त्याचे इंग्रजीवाचून काहीही अडत नाही. आधुनिक ज्ञान ज्या पुस्तकांत आहे ती वाचण्यासाठी त्याला इंग्रजी हवी, म्हणून वाचन आधी शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते.

वेस्ट यांनी त्याला आणखी एक व्यावहारिक कारण जोडले. विम्याचा हप्ता मध्येच थांबला तरी पॉलिसीची काही ‘समर्पण किंमत’ हातात पडते. तसे शिक्षणाचे आहे काय? बहुसंख्य मुले शाळा अर्ध्यावर सोडतात. अर्धेमुर्धे शिकलेले बोलणे थोड्याच दिवसांत विरून जाते. परंतु थोडेबहुत वाचता येऊ लागले, तर तो मुलगा पुढे स्वतःच्या बळावर वाचन वाढवू शकतो. वसाहतीच्या सरकारचा एक अधिकारी शंभर वर्षांपूर्वी हा हिशेब मांडू शकला. स्वतंत्र देशातील अभ्यासक्रमांनी तो फारसा मनावर घेतला नाही, हे दुर्दैव होय.

मनावर घेण्याची संधी आलीच नाही, असेही नव्हे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने उच्च शिक्षण टप्प्याटप्प्याने भारतीय भाषांतून व्हावे असे सुचविले आणि त्याच वेळी इंग्रजीला ‘ग्रंथालयीन भाषे’चे स्थान दिले. शिकावे, विचार करावा, लिहावे ते आपल्या भाषेत, आणि जगातील ज्ञान वाचण्यासाठी इंग्रजीची खिडकी उघडी ठेवावी, असा हा सरळ विचार होता. प्रत्यक्षात त्याच्या दोन्ही अंगांची उपेक्षा झाली. व्यावसायिक शिक्षण मराठीतून व्हायचे ते झाले नाही, आणि ग्रंथालयापुरती इंग्रजी शिकविण्याची पद्धतही कोणी उभारली नाही.

ब्राझीलने केलेला प्रयोग

जे आपल्याकडे कागदावर राहिले, ते दुसऱ्या एका देशाने करून पाहिले. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. तेथील विद्यापीठांत शिक्षण पोर्तुगीजमधूनच चालते, पण संशोधनाचे वाङ्मय मोठ्या प्रमाणात इंग्रजीत. १९८० च्या सुमारास साओ पाउलो येथील कॅथलिक विद्यापीठातील प्राध्यापिका मारिया अँतोनिएता आल्बा सेलानी यांच्या पुढाकाराने आणि ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने तेथे एक राष्ट्रीय प्रकल्प उभा राहिला. त्यांनी आरंभी प्रश्न विचारला तो एवढाच : आपल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना इंग्रजी प्रत्यक्षात कशासाठी लागते? देशभरातील विद्यापीठांतून उत्तर आले, आपल्या विषयाचे वाचन करण्यासाठी.

मग त्यांनी त्या उत्तराला साजेसा अभ्यासक्रम बेतला. वर्गातील चर्चा पोर्तुगीजमध्ये चाले. इंग्रजी पान समोर असे, पण त्याचा अर्थ काय, लेखकाचा मुद्दा कोणता, आकृती आणि मजकूर यांचा मेळ कसा बसतो, याविषयी विद्यार्थी आपल्या भाषेत बोलत. आरंभापासूनच त्यांच्या हाती खरेखुरे, त्यांच्या विषयातील उतारे दिले जात. संपूर्ण देशासाठी एकच पाठ्यपुस्तक छापण्याचा मोह त्यांनी जाणीवपूर्वक टाळला. त्या त्या ठिकाणच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी साहित्य तयार करावे, ते परस्परांत वाटून घ्यावे, असा प्रघात पाडला. पुढे विद्यापीठांबरोबर तंत्रशाळाही या कार्यात आल्या. अशा शिक्षणाला तेथे जे नाव पडले त्याचा अर्थ ‘साधनरूप इंग्रजी’ असा होतो.

हे साधन निर्दोष होते असे म्हणण्याचे कारण नाही. कालांतराने त्याचाही साचा बनला. वाचनापलीकडे काही शिकवायचेच नाही, वर्गात इंग्रजी बोलायचीच नाही, असा समज रूढ झाला आणि खुद्द त्या चळवळीतील मंडळींना तो खोडून काढावा लागला. शिवाय पोर्तुगीज आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लॅटिन मुळाचे हजारो शब्द सारखे आहेत, ती सवलत मराठी विद्यार्थ्याला नाही. तरीही आधी गरज पाहावी आणि मग अभ्यासक्रम आखावा, तसेच परकी भाषा वाचायला शिकविताना स्वभाषेला वर्गाबाहेर उभे करू नये, हे दोन धडे ब्राझीलकडून घेण्यासारखे निश्चित आहेत.

वाचन शिकवायचे म्हणजे काय?

इंग्रजी वाचन शिकवायचे म्हटले की, आपल्याकडे एक चित्र ठरलेले आहे. एकाने उतारा मोठ्याने वाचायचा, शिक्षकांनी कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे, खाली दिलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे उताऱ्यातील वाक्ये जशीच्या तशी उचलून लिहायची. टिम जॉन्स आणि फ्लोरेन्स डेव्हिस या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८३ मध्ये या पद्धतीतील खोट नेमकी दाखवून दिली. अशा वर्गात उतारा हा केवळ भाषेचा नमुना म्हणून हाताळला जातो, वस्तुतः तो माहितीचे वाहन असतो. अभियंता पान वाचतो तो त्यातील क्रियापदे मोजण्यासाठी वाचीत नाही. पंप का बंद पडला, हे त्याला हवे असते.

सगळे वाचन एकाच रीतीने होत नाही, हेही प्रथम शिकवावे लागते. मराठी माणसाला हे उपजत ठाऊक आहे. पंचांग कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचीत नाही. चतुर्थी केव्हा आहे तेवढे पाहतो आणि मिटून ठेवतो. पोथीचे पारायण करताना ओघ महत्त्वाचा असतो, निरूपणाला बसताना मात्र एकेका ओवीवर थांबावे लागते. इंग्रजी संदर्भग्रंथाचेही असेच तीन व्यवहार आहेत. कोष्टकातून एक आकडा शोधणे, प्रकरणावरून नजर फिरवून ते आपल्या कामाचे आहे की नाही हे ठरविणे, आणि एखादा परिच्छेद शब्दन् शब्द तोलून वाचणे. मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी पुस्तक उघडल्यावर पहिल्या ओळीपासून शब्दकोश घेऊन बसतो, दुसऱ्या पानावर दमतो आणि पुस्तक मिटतो. यातील निम्मी दमणूक भाषेची असते. उरलेली चुकीच्या रीतीची असते.

वाक्यरचनेचेही तेच. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि अट बहुधा आधी येते. इंग्रजीत क्रियापद लवकर येते आणि अट पुष्कळदा मागाहून येते. बॉयलरच्या त्या वाक्यात तरुण अडखळला तो येथेच. ‘अनलेस’ दिसताच आधी त्याच्या पुढचा भाग वाचावा आणि ‘असे झाल्याशिवाय’ म्हणून मग मागे यावे, एवढी एक युक्ती कोणी मराठीत समजावून दिली असती, तर त्याची कायमची सोय झाली असती.

तांत्रिक इंग्रजीत नामांच्या लांबलचक माळा असतात. ‘हाय प्रेशर बॉयलर फीड वॉटर पंप’ या माळेत मुख्य वस्तू कोणती? विद्यार्थी गोंधळतो. परंतु ‘ग्रामपंचायत सदस्य निवडणूक याचिका’ असे वाचल्यावर तो मुळीच गोंधळत नाही. ती याचिका आहे, निवडणुकीविषयीची आहे, सदस्याच्या निवडणुकीविषयीची आहे, हे तो शेवटून उलगडत जातो. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते, हे त्याला व्याकरणाच्या तासाला शिकविलेले आहे. तोच नियम लावला की, शेवटी आलेला पंप हीच मुख्य वस्तू आणि आधीचे सारे त्याचे वर्णन, हे लक्षात येते. वैद्यकातील संज्ञांची गोष्टही याहून वेगळी नाही. ‘-आयटिस’ म्हणजे दाह हे एकदा कळले की, ‘हेपटायटिस’ यकृताचा, ‘नेफ्रायटिस’ मूत्रपिंडाचा, हे आपोआप उलगडते. संस्कृत मुळांपासून शब्द घडविण्याची सवय असलेल्या भाषेच्या मुलाला ग्रीक-लॅटिन मुळे परकी वाटण्याचे कारण नाही. ती त्याच्यापुढे मांडली मात्र पाहिजेत.

प्रत्येक विद्याशाखेच्या इंग्रजीला आपापले खाचखळगे असतात. वैद्यकीय शोधनिबंधात एखादी सवय आजाराशी ‘मे बी असोसिएटेड’ आहे असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘संबंध असू शकतो’ एवढाच आहे. ‘त्यामुळे आजार होतो’ असा तो मुळीच नाही. हा फरक न कळलेला डॉक्टर रुग्णाला चुकीचा सल्ला देईल. कायद्यातील ‘शॅल’ बहुधा बंधन सांगतो, ‘मे’ बहुधा मुभा देतो. ‘प्रोव्हायडेड दॅट’ आले की परंतुक सुरू होते, ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे ‘च्या अधीन राहून’, आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ने आरंभ झालेले कलम इतर तरतुदींवर मात करते. या प्रत्येकाला मराठी विधिभाषेत सिद्ध प्रतिशब्द आहेत. भारतीय संविधानाचे इंग्रजी आणि मराठी पाठ शेजारी शेजारी ठेवून विधी शाखेच्या पहिल्या वर्षाला वाचन शिकविता येईल. त्याहून उत्तम पाठ्यपुस्तक शोधूनही सापडणार नाही.

आणि शब्दसंग्रह? तोही अथांग समुद्र नाही. मायकेल वेस्ट यांनीच १९५३ मध्ये सुमारे दोन हजार सर्वोपयोगी इंग्रजी शब्दांची यादी सिद्ध केली. न्यूझीलंडमधील अभ्यासक अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये तिच्या जोडीला विद्याव्यवहारात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी दिली. त्यांनी तपासलेल्या विद्याविषयक लेखनात या दोन्ही याद्या मिळून सुमारे ८६ टक्के शब्द येत होते. उरलेले बरेचसे शब्द हे त्या त्या विषयाच्या संज्ञा किंवा विशेषनामे असतात, आणि संज्ञा तर विद्यार्थी विषयाबरोबर शिकतच असतो. विहीर खोल आहे, पण पायऱ्या मोजता येण्याजोग्या आहेत.

दोन शिक्षक, एक तासिका

हे शिकवायचे कोणी? आज याचे उत्तर दोन खोल्यांमध्ये हरवले आहे. इंग्रजीचे प्राध्यापक साहित्याची पदवी घेऊन आलेले असतात. शेक्सपिअर ते प्रेमाने शिकवतील, पण उष्मागतिकीचे पान समोर आले की संकोचतात. विषयाचे प्राध्यापक म्हणतात, भाषा हे आमचे काम नव्हे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि विद्यार्थी मधल्या व्हरांड्यात उभा राहतो.

बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स आणि टोनी डडली-इव्हान्स यांनी परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक साधा उपाय योजला आणि १९८० मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. परिवहन आणि वनस्पतिशास्त्र या विषयांचे अध्यापक व भाषेचे अध्यापक यांनी एकाच वर्गात एकत्र उभे राहून शिकविले. वाक्य कसे बांधले आहे ते भाषेच्या शिक्षकाने सांगायचे, त्यातील शास्त्र खरे की खोटे ते विषयाच्या शिक्षकाने सांगायचे. भाषेच्या शिक्षकाला शास्त्र येत नसले तरी बिघडत नाही. ‘हे मला समजले नाही, तू समजावून सांग,’ असे त्याने विद्यार्थ्याला म्हणावे. इंग्रजीच्या तासाला आजवर मान खाली घालून बसलेला तो मुलगा आपल्या विषयातील गोष्ट गुरुजींना समजावून देतो, तेव्हा त्याच्या मनातील न्यूनगंड जितका गळून पडतो, तितका दहा व्याख्यानांनी पडत नाही.

या सगळ्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पहिल्या सत्रात आठवड्याला चार तासिका, विषयातीलच उतारे आणि मराठीतून चर्चा, एवढ्यावर आरंभ करता येईल. खरा बदल हवा तो परीक्षेत, कारण आपल्याकडे जे परीक्षेत येत नाही ते वर्गातही येत नाही. विद्यार्थ्याला त्याच्या विषयातील, पूर्वी न पाहिलेली दोन इंग्रजी पाने द्यावीत आणि त्यांवरील प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहावयास सांगावे. उताऱ्यातील वाक्य जसेच्या तसे उचलण्याची सोय तेथे उरणार नाही. ज्याला कळले आहे तोच लिहू शकेल. वाचनाची याहून चोख कसोटी कोणती?

आक्षेपांचा विचार

यावर पहिला आक्षेप येईल तो नोकरीचा. मुलाखत इंग्रजीत होते, तेथे हा मुलगा काय बोलणार? मुलाखतीची तयारी अवश्य करवून घ्यावी. परंतु मुलाखतीत शेवटी विचारला जातो तो विषय, आणि ज्याने मूळ ग्रंथ वाचले आहेत त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते. पाठ केलेल्या ओळखीची चार वाक्ये पाचव्या प्रश्नाला संपतात.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. यंत्र क्षणात भाषांतर करून देत असताना वाचायला शिकायचे कशाला? यांत्रिक भाषांतराचे साहाय्य मोठे आहे, ते नाकारण्यात शहाणपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल भारतीय भाषांत आणण्यासाठीही आता त्याची मदत घेतली जाते. पण यंत्राने ‘अनलेस’चा अर्थ ‘जर’ असा केला तर ती चूक पकडणार कोण? औषधाच्या मात्रेतील, कायद्याच्या परंतुकातील किंवा वाफेच्या दाबातील चूक परत घेता येत नाही. यंत्राच्या भाषांतरावर सही करणाऱ्याला मूळ पान वाचता आलेच पाहिजे.

तिसरा आक्षेप स्वभाषेच्या अभिमान्यांचा असेल आणि तो अधिक आपुलकीने ऐकला पाहिजे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची वाट मोकळी केली. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय शिक्षणाची पुस्तके हिंदीत आली. मग पुन्हा इंग्रजी वाचनाचा आग्रह म्हणजे आलेली पावले मागे घेणे नव्हे काय? वास्तविक हा आग्रह त्याच वाटेवरचा आहे. मराठीतून शिकलेल्या अभियंत्यालाही नवे संशोधन वाचावे लागेल, आणि उद्याचे मराठी पाठ्यपुस्तक लिहिणारा मनुष्य इंग्रजी ग्रंथ पचवूनच ते लिहिणार आहे. जपानी किंवा ब्राझिलियन वैज्ञानिक आपल्या भाषेत शिकतो आणि इंग्रजीतील वाङ्मयही वाचतो. त्यात त्याला कोणताही विरोध जाणवत नाही.

येथे एक गोष्ट स्वभाषाप्रेमी आणि इंग्रजीप्रेमी या दोघांनीही ध्यानात घ्यावी. चार्ल्स ऑल्डरसन या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये प्रश्न विचारला होता की, परक्या भाषेतील वाचनाची अडचण ही भाषेची अडचण की वाचनाचीच? दोन्हींचा वाटा असतो, आणि भाषा अगदीच कच्ची असेल तेव्हा भाषेचा वाटा मोठा असतो, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण कौल आहे. परंतु ज्याने मातृभाषेतही कधी सलग ग्रंथ वाचला नाही, परिच्छेदातील मुद्दा पकडला नाही, लेखकाशी मनातल्या मनात वाद घातला नाही, त्याच्यापाशी इंग्रजीकडे नेण्यासारखे वाचनाचे भांडवलच नसते. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी अशा कुतरओढीत वाढलेल्या मुलाची अवस्था नेमकी ही होते. इंग्रजी वाचनाचा पाया मराठी शाळेच्या ग्रंथालयात घातला जातो, आणि त्या ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप असेल, तर पुढचा सारा खटाटोप वाळूवरचा ठरतो.

आणले ते वाटलेही पाहिजे

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. बाळशास्त्री तेव्हा अगदी तरुण होते. त्या पिढीने इंग्रजी ग्रंथ मन लावून वाचले. पण वाचलेले आपल्यापुरते ठेवून ती स्वस्थ बसली नाही. गणित, भूगोल, इतिहास, शास्त्र यांवर मराठीत पुस्तके लिहून तिने ते आपल्या समाजाला वाटले. इंग्रजी ही तिच्या लेखी ज्ञान उपसण्याची घागर होती. घागरीचे पाणी अखेर मराठीच्या शेतात गेले, म्हणूनच मराठी गद्याला आधुनिक काळात बहर आला.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वत्र आनंद झाला. तो दर्जा भूतकाळातील वैभवाचा गौरव आहे. भविष्यकाळातील वैभव हे मराठीत नवे ज्ञान किती येते यावर ठरेल, आणि ते ज्ञान आणणारी माणसे आज कुठल्यातरी तालुक्याच्या तंत्रनिकेतनात, विधी महाविद्यालयात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात बसलेली आहेत. त्यांच्यापैकी कितीजण इंग्रजी ग्रंथाच्या दुसऱ्या पानावर दमून पुस्तक मिटतात, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रकात मांडला जात नाही.

त्यांना साहेबी उच्चार नकोत, मुलाखतीतले ठरावीक हसू नको. त्यांच्यासमोरचे पान त्यांना स्वतःच्या बळावर वाचता यावे, आणि वाचलेले आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगता यावे, एवढीच सोय हवी आहे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी मनावर घेतले, तर येत्या शैक्षणिक वर्षातच एका सत्राचा आरंभ होऊ शकतो. तसे झाले, तर बॉयलरपाशी उभा असलेला तो तरुण पुस्तिका उघडेल, ‘अनलेस’पाशी क्षणभर थांबेल, दाबाच्या काट्याकडे पाहील आणि झडपेवरचा हात मागे घेईल.